डेकचा रंग कसा जातो, ते आधी बघावं

डेकच्या, म्हणजे घरालगतच्या उघड्या लाकडी ओट्याच्या, पायरीलगतच्या फळीवरून रंगाचा एक पापुद्रा सुटला होता, नखाएवढा. बोटानं सहज उचलला तर वीतभर लांबीची पट्टीच वर आली, लवचीक, न तुटता. उलटून पाहिली तर तिच्या पोटाशी लाकडाचे बारीक करडे तंतू चिकटलेले. रंग लाकडापासून सुटला, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. इथे रंगानं लाकडाला घट्ट धरून ठेवलं होतं. लाकडाचा वरचा थरच खालच्या लाकडाला सोडून आला होता. डबा महागातला, त्यावर ठळक अक्षरांत वर्षांची हमी, लावणाऱ्यानं व्यवस्थित दोन हात मारलेले. तरी दुसऱ्या वर्षी ही गत. आणि डेकच्या मालकाचा प्रश्न ठरलेला: याच्यापेक्षा जास्त टिकणारं काही आहे का? या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, हीच त्याची अडचण. जास्त टिकणारं आहे, पण ते जेव्हा जातं तेव्हा कसं जातं, हे विचारल्याशिवाय त्या टिकण्याला फारसा अर्थ उरत नाही. काही स्टेन, म्हणजे लाकडाला लावायचे असे रंग, हळूहळू फिके होत, झिजत जातात. काही असे पापुद्रे धरतात. पहिल्यावर वरून आणखी एक हात मारता येतो. दुसऱ्याला आधी अख्खा खरवडून काढावा लागतो, आणि ज्यानं एकदा सगळा डेक खरवडलाय तो पुन्हा डब्यावरची वर्षं मोजत बसत नाही.

घराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्यांचा रंग दहा वर्षं सुखानं राहतो आणि त्याच लाकडाच्या डेकवर तो दोन वर्षांत उडतो, याचं अनेकांना नवल वाटतं. पण भिंत उभी असते. पाणी तिच्यावरून ओघळून जातं, ऊन तिरपं पडतं, तिच्यावरून कुणी चालत नाही. डेक आडवा पसरलेला. दुपारचं ऊन थेट डोक्यावर, पावसाचं पाणी फळीवर साचून राहणार, खालून जमिनीचा दमटपणा, वरून खुर्च्यांचे पाय आणि चपलांना चिकटलेली वाळू. यातलं ऊन सगळ्यात वाईट. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे राहतात ते सुटे, करडे, आधार हरवलेले तंतू. लाकूड करडं पडतं ते यामुळे. खोलवर मात्र काही होत नाही. मऊ जातीचं लाकूड उघड्यावर नुसतं सोडलं तर शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतं, असा हिशेब अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या वनउत्पादन प्रयोगशाळेनं मांडलेला आहे. म्हणजे उन्हानं फळी मरत नाही. मरते ती तिची कातडी. उघड्या लाकडावर ऊन काही आठवडे जरी पडलं तरी नंतर लावलेल्या रंगाची पकड चांगलीच घटते, हेही तिथेच मोजून पाहिलेलं आहे. त्या पापुद्र्याच्या पोटाशी आलेले तंतू हेच सांगत होते. नव्या फळ्या बसवल्यानंतर त्या बरेच दिवस कोऱ्या राहिल्या असणार, मग तशाच करड्या कातडीवर स्टेन चढवला गेला.

दुसरी गोष्ट, लाकूड हलतं. ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं, आणि हे सगळं रुंदीत. लांबीत जवळपास काहीच नाही. १४० मिलिमीटर रुंदीची पाइनची फळी ऐन ओल आणि ऐन कोरड यांच्यामध्ये ३-४ मिलिमीटर सहज मागेपुढे होते. तिच्यावर जर रंगाची सलग फिल्म, म्हणजे कातडीसारखा थर, बसवली असेल तर त्या फिल्मनं प्रत्येक वेळी तेवढं ताणायचं आणि आखडायचं. नवी असताना ती हे करते. उन्हानं कडक झाल्यावर गाठीजवळ, खिळ्याजवळ, फळीच्या टोकाशी तिला सूक्ष्म चिरा पडतात. चिरेतून पाणी आत शिरतं, फिल्मखाली पसरतं आणि परत बाहेर यायला वाट मिळत नाही. वरून ऊन तापलं की तीच वाफ फिल्मला खालून ढकलते. फळीचं कापलेलं टोक तर पाणी पिण्याच्या बाबतीत सपाट बाजूच्या कितीतरी पट पुढे असतं, त्यामुळे सोलवटायला सुरुवात बहुधा टोकांपासूनच होते.

म्हणून निवड डब्यापासून नाही, या चिरेपासून सुरू करायची.

बाजारात नावं शेकडो असली तरी प्रकार मोजके. रंगद्रव्य अजिबात नसलेलं पारदर्शक जलरोधक. थोडं रंगद्रव्य असलेला अर्धपारदर्शक स्टेन, ज्यातून लाकडाच्या रेषा दिसतात. त्याहून दाट, रेषा पुसट करणारा. आणि पूर्ण झाकणारा, ज्याला सॉलिड म्हणतात आणि जो खरं तर पातळ रंगच असतो. पारदर्शक लावल्यावर लाकूड पहिले काही महिने देखणं दिसतं. पण अतिनील किरण अडवायला त्यात विशेष काही नसल्यानं वर्षभरात करडेपणा येतोच. पाण्याचा थेंब तेवढा मोत्यासारखा उभा राहतो. अर्धपारदर्शक, लाकडात जिरणारा स्टेन डेकच्या जमिनीवर, म्हणजे चालायच्या फळ्यांवर, दोन-तीन वर्षं काढतो, कठड्यावर त्याहून जास्त. सॉलिड कागदावर सगळ्यांत पुढे असतो, आणि उभ्या भागांवर, म्हणजे कठड्याचे खांब, पायऱ्यांचे उभे तक्ते, कडेच्या पट्ट्या यांवर तो खरोखरच तसा वागतो. जमिनीवर मात्र तो फिल्म धरतो, आणि मग वर सांगितलेली सगळी कथा. ज्याला फार काळ टिकणारं हवंय त्याच्या हातात दुकानदार नेमका सॉलिडचा डबा ठेवतो. माझं मत विचाराल तर जमिनीला जिरणारा अर्धपारदर्शक, कठड्याला हवा तर सॉलिड, दोन्ही एकाच छटेत. दोन वर्षांनी जमिनीला एक दुपार द्यावी लागेल. पण दुपारच. त्यात खरवडणं नाही, जुना रंग सोडवणारं रसायन म्हणजे स्ट्रिपर नाही, मशीन भाड्यानं आणणं नाही. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर अशा पाच दुपारी आणि एकदा-दोनदा सगळा डेक उघडा करून पुन्हा सुरुवात, यात कुठलं पारडं हलकं आहे ते वेगळं सांगायला नको.

याला एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. डेकवर आधीपासून सॉलिडचे दोन-तीन थर असतील तर जिरणारा स्टेन त्यांवर कितीही भारी आणला तरी जिरायला जागाच नाही; तो वर चिकट बसून राहील. अशा वेळी आधी जुन्या थराची पकड बघायची. धारदार पात्यानं फुलीच्या आकाराची चीर द्यायची, लाकडापर्यंत. तिच्यावर चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीला रंगाचे तुकडे आले नाहीत तर धुऊन, हलकं घासून सॉलिडवर सॉलिडच चढवावा, त्यात कमीपणा काही नाही. तुकडे आले तर वरून कितीही चांगलं लावलं तरी ते त्या तुकड्यांवरच लावलेलं असेल. ही चाचणी एका जागी करून भागत नाही. सावलीतला कोपरा, पायऱ्यांपाशी चालायची वाट, आणि एखाद्या फळीचं टोक अशी निदान तीन ठिकाणं तरी हवीत. फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नये. धूळ छातीत जाते. जुन्या प्रक्रिया केलेल्या, म्हणजे कुजू नयेत म्हणून रसायनं मुरवलेल्या, फळ्यांत आर्सेनिक असू शकतं, त्यांचे तुकडे शेकोटीत घालणं हा शुद्ध वेडेपणा.

छटा निवडताना लोक नमुन्याच्या कार्डावर फार भिस्त ठेवतात. एकच स्टेन नव्या पिवळसर पाइनवर, हिरवट झाक असलेल्या तांबेयुक्त प्रक्रियेच्या फळीवर आणि लालसर सीडरवर तीन वेगळे रंग देतो. डेकचीच उरलेली फळी, डेकइतकीच घासलेली, आणि तिच्यावर दोन हात. याशिवाय दुसरा नमुना खरा नाही. रंगद्रव्याचं काम केवळ शोभेचं नसतं. अतिनील किरण अडवणारा मुख्य शिपाई तोच असतो, बहुतेक वेळा लोहाचे ऑक्साइड, त्यामुळे तांबूस-तपकिरी छटा त्याच ब्रँडच्या फिकट मधाळ छटेपेक्षा जास्त तग धरतात. फार गडद, चॉकलेटी किंवा काळपट छटांचे दोन तोटे: उन्हात त्यांवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि चालण्याची वाट झिजली की ती लांबून दिसते. लाकडाच्या मूळ रंगाच्या जवळची, किंचित गडद अशी छटा झीज लपवते आणि धूळही.

तेलाचा की पाण्याचा, यावरून वाद घालणारे हमरीतुमरीवर येतात. तेलाचा स्टेन, म्हणजे आळशीच्या तेलाचा किंवा अल्किड नावाच्या कृत्रिम राळेचा, लाकडात खोल उतरतो, हळू वाळतो, त्यामुळे लावताना चुका सुधारायला वेळ मिळतो, आणि पुढच्या वेळी नुसतं धुऊन वरून लावता येतो. पण कच्चं आळशीचं तेल बुरशीचं आवडतं खाद्य आहे. सावलीच्या, दमट जागी बुरशीनाशक नसलेला तेलाचा स्टेन काळे ठिपके धरतो आणि लोक त्याला मळ समजून घासत बसतात. मळ आहे की बुरशी, हे ओळखायला घरातल्या ब्लीचचा एक थेंब पुरतो. मिनिट-दोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा लोखंडाचा डाग. पाण्याचा ॲक्रिलिक स्टेन रंग जास्त चांगला धरून ठेवतो, बुरशीला तोंड देतो, वास कमी येतो, ब्रश साबणानं धुता येतो. मात्र भराभर वाळतो आणि वरच्या वर राहण्याकडे त्याचा कल असतो. हल्ली दोन्हींचं मिश्रण असलेले संकरित स्टेनही मिळतात. ऊन भरपूर आणि हवा खेळती असेल तर तेलाचा, झाडाखालचा दमट डेक असेल तर पाण्याचा, इतकी ढोबळ वाटणी मला पटते. इपे, कुमारू, सागवान यांसारखी घट्ट, स्वतःचंच तेल असलेली लाकडं मात्र या वाटणीत बसत नाहीत. ती जवळपास काहीच पीत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा, पातळ तेलाचा स्टेन असतो, एकच झिरझिरीत हात, आणि पंधरा मिनिटांनी फडक्यानं सगळं पुसून घेणं. दुसरा हात मारण्याचा मोह झाला की चिकटपणा आलाच.

खरं काम डबा उघडण्याआधीचं आहे, आणि त्यात कुणाला रस नसतो. क्रम साधा: जुनं काढायचं असेल तर ते काढा, धुवा, उजळा, वाळवा, घासा, झाडा. जुना तेलाचा स्टेन काढायला सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे कॉस्टिक सोड्याचा, स्ट्रिपर लागतो. तो कातडीलाही तितक्याच आवडीनं खातो, तेव्हा लांब हातमोजे, चष्मा आणि रबरी बूट. नुसतं करडेपण आणि शेवाळ असेल तर सोडियम परकार्बोनेटची पूड पुरे. कोमट पाण्यात विरघळवून त्याच दिवशी वापरायचं, कारण त्यातला ऑक्सिजन काही तासांत निघून जातो आणि उरतो तो नुसता धुण्याचा सोडा. आजूबाजूची झाडं आधी पाण्यानं चिंब करून ठेवावीत. परकार्बोनेटचं पाणी फळीवर १० ते १५ मिनिटं ओलं राहिलं पाहिजे, वाळायला लागलं की वरून थोडं शिंपडायचं. मग नायलॉनच्या ताठ ब्रशनं रेषेच्या दिशेनं घासायचं. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे अदृश्य तुकडे लाकडात अडकतात आणि पहिल्या पावसानंतर प्रत्येक तुकड्याभोवती काळा ठिपका उमटतो. क्लोरीनचं ब्लीच बादलीभर ओतणारेही असतात. ते बुरशीचा रंग घालवतं, पण लिग्निनही तोडतं, म्हणजे जे काम ऊन दोन वर्षांत करतं ते दुपारी उरकतं. आणि ब्लीच कुठल्याही ॲसिडशी किंवा अमोनियाशी गाठ घालू नये. विषारी वायू निघतो.

प्रेशर वॉशर हे जोरात पाणी मारणारं हत्यार बहुतेक डेक बिघडवतं, कारण ते चालवायला मजा येते. ४० अंशांचं पंख्यासारखं पसरणारं नोझल, फळीपासून फूटभर अंतर, दाब हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आतबाहेर, आणि हात सतत हलता. एका जागी थांबलं की मऊ भाग खणला जातो, कडक रेषा उठून राहतात आणि फळी लवदार होते. त्यानंतर तिच्यावरून हात फिरवला तर कुसळं बोटात जातात.

परकार्बोनेटनंतर लाकूड काळपट दिसतं, सीडर आणि रेडवुडवर तर फारच, आणि लोक घाबरतात. परकार्बोनेटमधल्या अल्कलीमुळे, म्हणजे सोड्यासारख्या क्षारामुळे, लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य काळवंडतं, एवढंच. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी १०-१५ मिनिटं ठेवून धुतलं की फळी डोळ्यांदेखत उजळते, खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डाग विरतात आणि लाकडातली उरलेली अल्कलीही मारली जाते. ही पायरी गाळणाऱ्यांचा स्टेन पुढे ठिपक्याठिपक्यांनी वाळतो आणि दोष डब्याला दिला जातो. खिळ्यांचे डाग वारंवार येत असतील तर खिळे साधे लोखंडी आहेत. तांब्याची प्रक्रिया केलेल्या लाकडात ते गंजणारच. स्टेनलेस किंवा जाड जस्त चढवलेले स्क्रू घालणं हाच उपाय.

घासण्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. फर्निचरसाठी असेल. डेकच्या जमिनीला ६० नंबरचा सँडपेपर, फार तर ८०. त्यापुढे गेलं की छिद्रं बुजतात, फळी चकाकते आणि स्टेन आत शिरत नाही. हात टेकायच्या कठड्याला १०० पर्यंत चालेल. नव्या, रंधा मारलेल्या फळ्याही अशाच बंद असतात, त्यामुळे नवं आहे म्हणून घासायची गरज नाही असं समजू नये. आधी सगळे खिळे-स्क्रू फळीच्या पातळीखाली ठोका, नाहीतर पेपर तासाभरात फाटतो. धूळ ब्लोअरनं किंवा झाडूनं, फटींतलीसुद्धा. फटींमध्ये कुजलेला पाला अडकलेला असतो, तो पातळ पट्टीनं उकरून काढल्याशिवाय हवा खेळत नाही.

मग थांबणं. पाऊस नसलेले निदान दोन दिवस, दमट हवेत चार. वरून कोरडी दिसणारी फळी आतून ओली असते, म्हणून दोन सुयांचं मॉइश्चर मीटर विकत घेण्यासारखी वस्तू आहे. तेलाच्या स्टेनला लाकडातला ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा, पाण्याच्याला थोडं जास्त चालतं, पण मीटर सावलीतल्या कोपऱ्यात आणि टोकांजवळही टोचायचं. मीटर नसेल तर पाण्याचे चार थेंब टाका. एखाद-दोन मिनिटांत थेंब जिरून काळा डाग राहिला तर फळी तयार आहे. थेंब तसाच फुगून बसला तर एकतर ओलावा आहे, नाहीतर जुनं काहीतरी वर शिल्लक आहे. कारखान्यातून प्रक्रिया होऊन आलेल्या ओल्या फळ्यांना वाळायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि तेवढ्यात ऊन आपलं काम सुरू करतं. ही ओढाताण खरी आहे. तिच्यावर तोडगा एवढाच की लावण्याआधी पुन्हा धुवायचं, उजळायचं आणि ६० नंबरनं मेलेली कातडी काढायची. शक्य असेल तर भट्टीत वाळवलेलं लाकूड घ्यावं आणि बसवण्याआधीच प्रत्येक फळीला चारही बाजूंनी स्टेन द्यावा, कारण खालची बाजू पुन्हा कधी हाताला लागत नाही. जिथे करवत चालली ते प्रत्येक टोक आधी लाकूड-रक्षक द्रावणात आणि मग स्टेनमध्ये न्हाऊन निघालं पाहिजे. कोरडी जमीन पहिला पाऊस पिते तसं ते टोक स्टेन पितं; पिणं थांबेपर्यंत देत राहायचं.

किती आणायचा? ५ बाय ४ मीटरचा डेक म्हणजे २० चौरस मीटर. घासलेल्या गुळगुळीत फळीवर लिटरला चार ते सहा चौरस मीटर जातात, जुन्या तहानलेल्या फळीवर तीनच. म्हणजे पहिल्या हाताला साधारण ४ ते ७ लिटर, दुसऱ्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. कठडा हिशेबात धरायला सगळे विसरतात. प्रत्येक उभ्या दांड्याच्या चार बाजू धरल्या की कठड्याचं क्षेत्रफळ कधी कधी जमिनीइतकंच भरतं. सगळे डबे एकाच वेळी आणून मोठ्या बादलीत एकत्र ओतावेत, नाहीतर दोन डब्यांतला सूक्ष्म फरक डेकच्या नेमक्या मधोमध दिसतो. रंगद्रव्य तळाला बसतं, तेव्हा चपट्या पट्टीनं तळापासून ढवळणं आणि काम चालू असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा ढवळणं. हे न केल्यानं पहिल्या फळ्या फिक्या आणि शेवटच्या गडद झालेले डेक पुष्कळ आहेत.

लावायचा दिवस ढगाळ, पण पावसाचा नाही. तापमान १० ते ३० अंशांच्या दरम्यान, पुढचे २४ ते ४८ तास कोरडे. फळीला तळहात लावून बघा: चटका बसत असेल तर स्टेन आत जिरायच्या आधीच वर वाळेल. सकाळी दव सुकल्यावर सुरू करून उन्हाच्या मागे मागे, सावली सरकेल तसं जावं. कठडा आधी, जमीन नंतर. जमिनीवर एका वेळी दोन किंवा तीनच फळ्या घ्यायच्या, पण टोकापासून टोकापर्यंत. चार फूट रुंदीचा पट्टा आडवा रंगवत गेलं तर आधीची कड वाळते आणि तिच्यावर नवा हात चढून जोडाचा काळपट पट्टा उमटतो. तो नंतर कशानंही जात नाही. फळीची कड हीच जोडाची जागा ठेवली की असा पट्टा उमटायला वावच राहत नाही. तेलाला नैसर्गिक केसांचा ब्रश, पाण्याच्याला कृत्रिम. रोलर वेगात पसरवतो आणि वरच ठेवतो. स्प्रेनं किंवा रोलरनं लावलंच तर मागोमाग ब्रशनं रेषेत घासून आत घालायलाच हवं. फटींच्या कडा, गाठी, पायऱ्यांची पुढची धार या जागा ब्रशच्या टोकानं.

तेलाच्या स्टेनचा दुसरा हात पहिला ओला असतानाच, डब्यावर लिहिलेल्या वेळेत. बहुधा तासाभराच्या आत. पहिला पुरता वाळला की दुसरा वरच बसतो. आणि पंधरा-वीस मिनिटांनी डेककडे तिरप्या उजेडात, खाली वाकून बघावं. जिथे चकाकतंय तिथे लाकडानं घेणं थांबवलंय. तो चकाकणारा भाग लगेच पुसून घ्यायचा. न पुसलेला तसाच चिकट राहतो, चपलांना लागून घरात येतो आणि शेवटी त्याचीच फिल्म होऊन सोलते. म्हणजे जिरणारा स्टेनसुद्धा गरजेपेक्षा जास्त लावला तर पापुद्रे धरतो. चांगलं जाडसर बसू दे, हे वाक्य डेकवर ऐकू आलं की काम थांबवावं.

पुसलेली फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका.

हे वरच्या सगळ्याहून महत्त्वाचं आहे. आळशीचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, आणि त्यात उष्णता निघते. फळीवर ती उडून जाते. चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती कोंडते, ढीग आतून तापत जातो आणि काही तासांनी आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही. फिलाडेल्फियातल्या ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा या इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ला लागलेली आग अशीच, भिंतींच्या लाकडी तक्तपोशीच्या कामानंतर टाकलेल्या आळशीच्या तेलाच्या फडक्यांतून सुरू झाली. बाविसाव्या मजल्यावरून ती वर चढत गेली, तीन अग्निशामक जवान गेले, आणि तिसाव्या मजल्यावर स्प्रिंकलर होते म्हणून ती तिथे थांबली. फडकी एकेक सुटी पसरून बाहेर, सावलीत, दगडावर किंवा मातीवर ताठ होईपर्यंत वाळवावीत, नाहीतर पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत. घासलेल्या जुन्या स्टेनच्या धुळीनं भरलेली पिशवीही याच वर्गात.

चालायला एक दिवस, खुर्च्या-टेबलं ठेवायला दोन-तीन. रबरी पाठ असलेली पायपुसणी पहिला महिना तरी नको. खाली दमट राहतं आणि चौकोनी डाग पडतो, जो पायपुसणं हलवल्यावरच दिसतो. कुंड्या पायांवर उचलून, खालून हवा जाईल अशा. पुढे वर्षातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुवायचं आणि पाण्याचे थेंब टाकून बघायचं, तेही ठराविक जागीच: दारासमोर, पायऱ्यांच्या वर, दुपारचं ऊन खाणाऱ्या कडेला. थेंब पटकन जिरून लाकूड काळं पडू लागलं की तेवढ्याच फळ्यांना एक पातळ हात द्यायचा. फिल्म नसल्यानं नवं जुन्यात मिसळून जातं, महिन्याभरात ठिगळ ओळखू येत नाही. करडं पडेपर्यंत थांबलं तर मात्र पुन्हा परकार्बोनेट, पुन्हा ऑक्झॅलिक. उलट, थेंब अजून उभा राहत असताना हौसेनं दरवर्षी हात मारणंही नको. लाकडात जागा नसते आणि थर वर साठत जातो. सावलीतली बाजू तीन वर्षं हात न लावता राहील, पायऱ्यांना दरवर्षी लागेल. डेक एकसारखा झिजत नाही, म्हणून त्याला सगळीकडे एकाच तारखेला स्टेन देण्याचा हट्टही सोडावा.

उरलेला स्टेन अर्ध्या रिकाम्या डब्यात ठेवला की वरची हवा त्याच्यावर साय धरवते. लहान बाटलीत काठोकाठ भरून, झाकणावर छटा, तारीख आणि कुठल्या फळ्यांना लावला ते लिहून ठेवावं. पाण्याचा असेल तर गोठेल अशा जागी नाही. वापरण्याआधी जुन्या मोज्यातून गाळून घ्यायचा आणि पहिला फटकारा पायऱ्यांच्या मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या फळीवर.